विश्लेषण : एकाच मुलीच्या फाइलवर चार कोड कसे? हार्मोनला दाद न देणाऱ्या शरीराची नोंद कुठे चुकते?

रक्तात हार्मोन पुरेसे, कधी कधी गरजेपेक्षा जास्त, तरीही शरीरावर त्याचा परिणाम होत नाही. अशा विकारांची नोंद करताना रुग्णालयाच्या संगणकात चार-पाच अक्षरांचा एक कोड पडतो. पुढचे उपचार, विम्याचा दावा आणि काही वेळा नोकरीही त्या कोडशी जोडलेली असते. तो कसा ठरतो, कुठे चुकतो आणि कोणाच्या हाती जायला हवा, याचे हे विश्लेषण.

चार कोड कुठून आले?

समजा, मिरा रोडमध्ये राहणारी एक मुलगी आहे. सोळावे वर्ष संपत आले. उंची, बांधा, छातीची वाढ वर्गातल्या इतर मुलींसारखीच. पण पाळी अजून आलेली नाही. आई तिला घराजवळच्या दवाखान्यात नेते. डॉक्टर केसपेपरवर ‘प्रायमरी अमेनोरिया’ असे लिहितात, म्हणजे पाळी सुरूच न होणे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा कोड आहे एन ९१.०.

मग सोनोग्राफी होते. गर्भाशय दिसत नाही. त्या अहवालावरून नोंद होते क्यू ५१.०, म्हणजे जन्मतः गर्भाशय नसणे. पुढची चिठ्ठी मुंबईची. सकाळची लोकल पकडून मायलेकी दादरला उतरतात आणि परळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतात. तिथे गुणसूत्रांची तपासणी होते. अहवालात ‘४६, एक्स-वाय’ असे लिहून येते. साधारणपणे मुलींमध्ये एक्स-एक्स आणि मुलग्यांमध्ये एक्स-वाय अशी जोडी असते. आता नोंद होते क्यू ९७.३, म्हणजे ‘४६, एक्स-वाय गुणसूत्रे असलेली स्त्री’. शेवटी हार्मोनतज्ज्ञ टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहतात, ती पुरुषांइतकी निघते, पण शरीरावर तिचा मागमूस नाही. निदान होते अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, थोडक्यात एआयएस. कोड ई ३४.५.

मुलगी एक, फाइल एक आणि कोड चार. यातला एकही खोटा नाही. पण पहिले तीन कोड फक्त ‘काय दिसले’ ते सांगतात. ‘असे का झाले’ हे फक्त चौथा सांगतो. फाइल मध्येच कुठे थांबली, तर त्या टप्प्यावरचा कोडच मुलीची ओळख बनतो.

दाद न देणे म्हणजे नेमके काय?

हार्मोन, म्हणजे संप्रेरक, हा शरीरातला निरोप असतो. ग्रंथी तो रक्तात सोडते. पेशींवर किंवा पेशींच्या आत त्याला ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. निरोप पोहोचला आणि ग्राहकाने तो वाचला तरच काम होते. मोबाइलवरच्या ओटीपीचेच पाहा. बँकेने तो पाठवला, पण फोनला रेंजच नसेल, तर बँकेने दहा वेळा पाठवूनही उपयोग नाही. उलट, बँकेच्या नोंदीत मात्र ‘पाठवला’ असेच दिसत राहते.

हार्मोनला दाद न देणाऱ्या विकारांत हेच होते. रक्ततपासणीत हार्मोन कमी दिसत नाही. बहुतेकदा नॉर्मल किंवा जास्त दिसते. त्यामुळे केवळ लॅबचा आकडा पाहून कोड टाकला तर चूक ठरलेली.

याची उदाहरणे बरीच आहेत. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, हे आता घरोघरी माहीत आहे. स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझममध्ये पॅराथायरॉइड हार्मोन भरपूर असते, तरी रक्तातले कॅल्शियम घसरते. त्याचा कोड ई २०.१ असून तो पॅराथायरॉइड हार्मोन कमी असण्याच्या गटात बसवला आहे. लॅरॉन सिंड्रोममध्ये ग्रोथ हार्मोन असूनही उंची वाढत नाही. जुन्या यादीत त्याला ठेंगणेपणाच्या सामान्य कोडखाली, ई ३४.३ मध्ये जागा आहे. मूत्रपिंडाने व्हॅसोप्रेसिनला दाद दिली नाही तर दिवसाला कित्येक लिटर लघवी होते. या विकाराचा कोड एन २५.१, पण नाव वर्षानुवर्षे ‘डायबेटिस इन्सिपिडस’. साखरेशी संबंध काहीच नाही, तरी ‘डायबेटिस’ हा शब्द वाचून कर्मचारी गोंधळतात आणि त्यातून रुग्णाच्या जिवाला धोका होतो, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नावच बदलण्याची शिफारस केली. आता हार्मोन कमी असेल तर ‘व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ आणि दाद नसेल तर ‘व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’ म्हणावे, असे ठरले. नाव आणि कोड ही केवळ कारकुनी नाही, हे यावरून लक्षात यावे.

एआयएसमध्ये शरीरात काय घडते?

वाय गुणसूत्रामुळे गर्भात वृषणग्रंथी तयार होतात. त्या दोन कामे करतात. एक हार्मोन गर्भाशयाची वाढ थांबवते. दुसरे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषी अवयव घडवते. एआयएसमध्ये पहिला निरोप पोहोचतो, दुसरा वाचलाच जात नाही. कारण अँड्रोजेनचा ग्राहक बनवणाऱ्या, एक्स गुणसूत्रावरील एआर नावाच्या जनुकात दोष असतो. म्हणून गर्भाशय नसते, पण बाह्य शरीर मुलीचे घडते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होते आणि छातीची वाढही होते. काखेत व जांघेत केस मात्र विरळ किंवा नसतातच.

हा झाला पूर्ण प्रकार. काहींमध्ये ग्राहक थोडेफार काम करतो. त्याला आंशिक प्रकार म्हणतात आणि त्यात बाळाच्या जन्मावेळीच बाह्य अवयव संदिग्ध दिसू शकतात. पूर्ण प्रकार बहुतेक वेळा दोनच प्रसंगी उघड होतो. बाळपणी मुलीच्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन करताना सर्जनला आत वृषणग्रंथी सापडते तेव्हा, किंवा पाळी न आल्याने तपासणी होते तेव्हा.

जन्माला येणाऱ्या दर २० हजार ते ६४ हजार एक्स-वाय बाळांमागे एकाला पूर्ण प्रकार असतो, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात दिला जातो. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती, त्यात पुरुष सुमारे ४.३ लाख. या प्रमाणाने ढोबळ हिशेब केला तर एकट्या या शहरात सात ते एकवीस जणी असायला हव्यात. कोणत्याही एका डॉक्टरला आयुष्यात एखादीच भेटेल इतकी ही संख्या लहान आहे. म्हणूनच कोड चुकण्याची शक्यता मोठी आहे.

कोडची यादी कोणाची आणि ती काय सांगते?

रोगांच्या या यादीला आयसीडी म्हणतात. तिची मुळे फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या वर्गीकरणात आहेत. १९४८ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मात्र एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत जायला देशांना वर्षे लागतात. भारतात आरोग्यविम्याच्या दाव्याच्या प्रमाणित अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० कोडसाठी रकाना आहे.

दहाव्या आवृत्तीत एआयएस येतो ‘इतर अंतःस्रावी विकार’ या गटात. ई ३४.५ या एकाच कोडखाली पूर्ण आणि आंशिक दोन्ही प्रकार आहेत. शिवाय त्या कोडखाली समाविष्ट नावांमध्ये ‘टेस्टिक्युलर फेमिनायझेशन’ आणि ‘मेल स्यूडोहर्माफ्रोडिटिझम’ ही जुनी नावे आजही छापलेली आहेत. पहिले नाव अमेरिकी डॉक्टर जॉन मॉरिस यांनी १९५३ मध्ये रूढ केले. एआर जनुकाचा छडा लागला १९८८ मध्ये. २००६ मध्ये तज्ज्ञांच्या शिकागो सहमतीने असे शब्द टाकून द्यावेत असे सांगितले. पण कोड टाकताना संगणकाने यादीतले नाव उचलले आणि ते डिस्चार्ज कार्डवर छापले गेले, तर सोळा वर्षांच्या मुलीच्या आईला मोबाइलवर तेच शोधावे लागते. समोर काय येते, याची कल्पना करता येईल.

अमेरिकेने आपल्या वापरासाठी या कोडचे तीन भाग केले आहेत. ई ३४.५० म्हणजे प्रकार न कळलेला, ई ३४.५१ पूर्ण आणि ई ३४.५२ आंशिक. नवी मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई येथे हजारो तरुण अमेरिकी रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंगचे काम करतात. म्हणजे हा फरक ओळखून नोंद करणारे हात आपल्याकडे आहेत. फक्त ते आपल्या शेजारच्या रुग्णाच्या फाइलवर काम करत नाहीत. अकराव्या आवृत्तीत हा विकार हार्मोनच्या प्रकरणातून हलवून शरीररचनेच्या जन्मजात विकारांच्या प्रकरणात, एलडी २ए.४ या कोडवर नेला आहे. आवृत्ती बदलताना जुन्या नोंदी नव्या जागी नीट जुळवल्या नाहीत, तर मोजदाद पुन्हा विस्कटेल.

चुकीच्या कोडने नुकसान काय?

सोनोग्राफीनंतर फाइल क्यू ५१.० वर थांबली, असे समजा. जन्मतः गर्भाशय नसणाऱ्या बहुतेक मुलींमध्ये गुणसूत्रे एक्स-एक्स असतात आणि बीजकोश नीट काम करतात. मग पोटातल्या वृषणग्रंथींचा शोधच घेतला जात नाही. एआयएसमध्ये या ग्रंथींना पुढे गाठीचा धोका असतो. पूर्ण प्रकारात वयात येण्याआधी तो कमी असल्याने अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात आणि मुलगी सज्ञान झाल्यावर तिच्या संमतीने निर्णय घेतात. पण त्यासाठी निदान माहीत हवे आणि ग्रंथींवर लक्ष हवे. ग्रंथी काढल्या तर इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, नाहीतर हाडे ठिसूळ होतात. दहा वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरने ‘या गोळ्या कशासाठी?’ म्हणून त्या बंद केल्या, तर दोष कोणाचा?

दुसरे नुकसान कुटुंबाचे. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक एक्स-वाय अपत्याला हा विकार असण्याची शक्यता निम्मी आणि एक्स-एक्स मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. साधारण एकतृतीयांश रुग्णांत मात्र दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. ‘मावशीलाही मूल झाले नाही’ हे वाक्य घरात कुजबुजीत राहते. योग्य निदान फाइलवर असेल तर त्याच वाक्याचा वैद्यकीय इतिहास होतो.

तिसरे, पैशांचे. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जनुकीय आजारांचा खर्च आरोग्य पॉलिसीत सरसकट वगळता येत नाही. पण दाव्याच्या अर्जावर भलत्याच गटातला, उदाहरणार्थ लिंगओळखीशी संबंधित एफ ६४ हा कोड पडला, तर आधी तो कोड चुकीचा असल्याचे सिद्ध करण्यातच कुटुंबाचा वेळ जातो. एआयएस ही मानसिक स्थिती नाही आणि लिंगओळखीचा प्रश्नही नाही. पूर्ण प्रकारातल्या बहुतेक जणी जन्मापासून मुली म्हणून वाढतात आणि स्वतःला मुलीच मानतात.

कोड बरोबर असला की प्रश्न संपतो का?

नाही. इथेच नाशिकचे प्रकरण पाहावे लागते. अनुसूचित जाती प्रवर्गातून एका तरुणीने २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीसाठी अर्ज केला. ती परीक्षा उत्तीर्ण झाली. वैद्यकीय तपासणीत सोनोग्राफीत गर्भाशय दिसले नाही. पुढे गुणसूत्रांच्या चाचणीत एक्स-वाय आले आणि ती ‘पुरुष’ असल्याचे सांगून तिची निवड थांबवली गेली. ती जन्मापासून स्त्री म्हणून जगली होती आणि आपल्या शरीरातल्या या गोष्टीची तिला कल्पनाही नव्हती. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठापुढे राज्य सरकारने सहानुभूतीने विचार करून तिला कॉन्स्टेबलऐवजी पोलीस दलातील अन्य पदावर नोकरी देण्याची तयारी दाखवली. तिने स्त्री म्हणूनच शिक्षण आणि करिअर केले असल्याने तिला दोष देता येणार नाही, असे न्यायालयाने नोंदवले आणि प्रक्रिया दोन महिन्यांत पूर्ण करण्यास सांगितले.

या प्रकरणात चाचणी चुकीची नव्हती. चुकीचे होते तिचे वाचन. एक्स-वाय गुणसूत्रे आणि गर्भाशयाचा अभाव हे चित्र एकापेक्षा जास्त विकारांत दिसते, एआयएस त्यातला एक. प्रयोगशाळेने गुणसूत्रे सांगितली. ‘ही व्यक्ती पुरुष आहे’ हा निष्कर्ष कागदावर माणसांनी काढला. कॉन्स्टेबलच्या कामाला लागणारी धावण्याची, उचलण्याची, पाहण्याची क्षमता त्या अहवालात कुठेच नव्हती.

खेळात हा धडा जगाने फार उशिरा घेतला. स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे गुणसूत्र चाचणीवरून स्पर्धेबाहेर काढले. तिला एआयएस होता. टेस्टोस्टेरॉनचा फायदा तिच्या शरीराला मिळूच शकत नव्हता. १९८८ मध्ये तिची पात्रता परत मिळाली, पण ऐन उमेदीची वर्षे गेली. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी जनुक चाचणी सक्तीची केली, त्यात पूर्ण एआयएस असलेल्यांना मात्र सूट ठेवली आहे. म्हणजे ‘पूर्ण’ की ‘आंशिक’ या एका शब्दावर आता धावपटूची कारकीर्द ठरते, आणि आपण वापरतो त्या ई ३४.५ मध्ये तो शब्दच नाही.

मग कोड लिहूच नये का?

असा युक्तिवाद होऊ शकतो. मुलीचे पुढे लग्न, नोकरी आहे; कशाला स्पष्ट लिहायचे, ‘हार्मोनचा त्रास’ एवढेच पुरे. त्यामागची माया खरी आहे. पण मोघम नोंद मुलीला वाचवत नाही. ती फक्त माहिती पुढच्या डॉक्टरपासून लपवते आणि एक दिवस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत, अनोळखी माणसांसमोर, सगळे एकदम उघड होते. नाशिकच्या तरुणीला स्वतःच्या शरीराबद्दल तपासणीच्या टेबलावर कळावे, हे सर्वांत क्रूर होते.

म्हणून दोन गोष्टी एकत्र हव्यात. नोंद नेमकी हवी आणि ती पाहणारे डोळे मोजके हवेत. निदान पक्के होईपर्यंत लक्षणाचाच कोड लावावा, ही आयसीडीची पद्धत आहे. ती पाळावी आणि गुणसूत्र, हार्मोन व शक्य तिथे जनुक चाचणीनंतरच ई ३४.५ लिहावा. सोबत पूर्ण की आंशिक हे शब्दांत लिहावे. डिस्चार्ज कार्डवर जुनी, अपमानकारक नावे छापणारी यादी रुग्णालयांनी आपल्या सॉफ्टवेअरमधून काढावी. ते एका दुपारचे काम आहे.

नोकरीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘कामासाठी पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच असावे. गुणसूत्रे नियोक्त्याच्या टेबलावर जाण्याचे कारण नाही. मिरा-भाईंदर-वसई-विरार पोलीस आयुक्तालय २०२० मध्ये सुरू झाले, तेव्हापासून या पट्ट्यातल्या मुली घराजवळच्या भरतीसाठी मैदानावर उतरू लागल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणावर नाशिकची वेळ येऊ नये, यासाठी नियम आधी लिहिलेला हवा. प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाने सहानुभूती दाखवावी, ही व्यवस्था नव्हे.

डिजिटल नोंदींचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. आभा क्रमांकाला जोडलेली नोंद रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्याला दिसावी, ही त्याची रचना आहे. मात्र २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग ठेवलेला नाही. संमतीचे बटण ओटीपी टाकून काउंटरवर घाईत दाबले जाते. नेमका कोणता अहवाल, कोणाला, किती दिवस, हे वाचायला कोणी थांबत नाही. थांबायला हवे.

कुटुंबाने काय करावे?

पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर ‘होईल उशिरा’ म्हणून थांबू नये. आधी तपासणी करावी. लहान मुलीच्या दोन्ही जांघांत हर्निया असेल तर सर्जनला गुणसूत्र चाचणीबद्दल विचारावे. प्रत्येक अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि कार्डवरचा कोड काय आहे, त्याचा अर्थ काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. चूक वाटली तर दुरुस्ती मागावी. आणि मुलीला तिच्या वयाला समजेल अशा भाषेत, टप्प्याटप्प्याने, खरे सांगावे. शक्य असेल तर समुपदेशकाच्या मदतीने.

परळहून परतीच्या लोकलमध्ये मायलेकींच्या मांडीवर ती फाइल असते. त्यात लिहिलेला कोड शरीर एका हार्मोनला दाद देत नाही एवढेच सांगतो. ती मुलगी कोण आहे, हे सांगण्याचा अधिकार त्या कोडला नाही आणि तो वाचणाऱ्या कोणत्याही कार्यालयालाही नाही.